इंदूरहून सॅन फ्रान्सिस्को: हवाई अंतर आणि प्रवासाचे तास स्वतः कसे काढायचे

आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात आता बहुतेक घरांतला एखादा तरी मुलगा नाहीतर मुलगी अमेरिकेत असते. सुनेच्या बाळंतपणासाठी नाहीतर नातवाच्या मुंजीसाठी आईवडील पहिल्यांदा निघतात आणि हातात तिकिटाचा कागद घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न ठरलेला: "वहिनी, नक्की किती तासांचा प्रवास आहे हो?" मुलानं फोनवर सोळा तास सांगितलेले असतात, तिकिटावर बावीस दिसतात, आणि घड्याळाकडे बघितलं तर विमान पहाटे निघून त्याच दिवशी सकाळी पोचतंय. तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात, कारण तिघं तीन वेगळ्या गोष्टी मोजतात.

मुलीकडे मी चारदा जाऊन आले. प्रत्येक वेळी हा हिशोब आधी वहीत मांडला. तो कसा मांडते ते इथे लिहिते. उदाहरण इंदूर ते सॅन फ्रान्सिस्को घेतलंय. तुमचं गाव दुसरं असेल तर फक्त आकडे बदला.

पहिली पायरी: विमानतळ नक्की कोणता?

गावाचं नाव पुरेसं नसतं. प्रत्येक विमानतळाला तीन अक्षरांचा संकेत असतो. आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाचा आयडीआर, दिल्लीचा डीईएल, सॅन फ्रान्सिस्कोचा एसएफओ. मुलं "बे एरियात", म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या भागात, राहतात म्हणतात, पण तिथे तीन विमानतळ आहेत: सॅन फ्रान्सिस्को, ओकलंड आणि सॅन होजे. त्यातला सॅन होजे म्हणजे एसजेसी. एसजेओ टाइप केलंत तर ते कोस्टा रिका देशातलं सॅन होजे. पोर्टलंड अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर आहे, आणि बर्मिंगहॅम इंग्लंडमध्येही आहे आणि अलाबामातही. म्हणून मुलाकडून संकेत लिहून घ्या, फोनवर ऐकून नको.

दुसरी पायरी: अक्षांश-रेखांश

हे कुठल्याही नकाशाच्या अ‍ॅपवर मिळतात. इंदूर विमानतळ: २२.७२ उत्तर, ७५.८० पूर्व. सॅन फ्रान्सिस्को: ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम.

शाळेत रेखांश पाठ केलेले असतात, पण पटलेले नसतात. आपल्याला ते पटवून घ्यायला लांब जावं लागत नाही. जुन्या भारतीय ज्योतिषगणितात शून्य रेखांश धरत तो आपल्या उज्जैनचा. लंका, उज्जयिनी, कुरुक्षेत्र आणि वर मेरू, म्हणजे उत्तर ध्रुव, अशी ती मध्यरेषा. उज्जैनचा रेखांश ७५.७७ आणि आपल्या विमानतळाचा ७५.८०. म्हणजे विमानतळाजवळच्या बिजासन टेकडीवर उभं राहून सरळ उत्तरेकडे तोंड केलंत की तुम्ही जवळपास त्याच रेषेवर आहात. मला हे फार आवडतं. आपण निघतो ती जागा एके काळी सगळ्या हिशोबांची सुरुवात होती.

पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्वेची आहे, आपण ७५.८ वर; फरक ६.७ अंश, म्हणजे सुमारे २७ मिनिटं. इंदूरला घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्याचे साडेअकराच झालेले असतात. वेळेचा फरक का पडतो ते एवढ्यात समजतं. अमेरिकेचा मोठा फरकही याच चार मिनिटांनी वाढत गेलेला आहे.

तिसरी पायरी: दोरा घ्या

अंतर काढायला सगळ्यांत उत्तम साधन म्हणजे नातवंडांचा पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा. भिंतीवरचा नकाशा घेऊ नका. चेंडूची साल काढून टेबलावर सपाट दाबल्यासारखा तो असतो, ध्रुवाकडचा भाग ताणला जातो. त्यावर पट्टी ठेवली तर सॅन फ्रान्सिस्कोला जायचा सरळ रस्ता चीन-जपानवरून, पॅसिफिक ओलांडून दिसतो. तो सर्वांत जवळचा रस्ता नाही.

गोलाचा व्यास मोजा. बाजारात मिळतो तो मोठा गोल साधारण ३० सेंटिमीटरचा असतो. त्याचा परीघ ९४ सेंटिमीटर. पृथ्वीचा परीघ ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरचा एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटर. आता दोऱ्याचं एक टोक इंदूरवर दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा घट्ट ओढा. तो आपोआप सरकून सर्वांत जवळची वाट धरेल. बघा कुठून जातो: दिल्लीच्या थोडंसं पूर्वेकडून, हिमालय आणि तिबेट ओलांडून, चीनच्या पश्चिम टोकावरून सैबेरियात, तिथून थेट आर्क्टिक समुद्रावर ७५ अंश उत्तरेपर्यंत, मग अलास्का, आणि कॅनडाच्या किनाऱ्यानं खाली. दोरा मोजलात तर पावणेएकतीस सेंटिमीटर भरेल. गुणिले ४२५: तेरा हजार किलोमीटर आणि वर थोडे.

शेजारच्या काकांना मी हा दोरा दाखवला तेव्हा ते बराच वेळ गोल फिरवत बसले. अमेरिका आपल्या पश्चिमेला आहे का पूर्वेला, यावर त्यांच्या घरात वाद होता. इंदूरहून सॅन फ्रान्सिस्को उत्तरेला आहे, हे उत्तर दोघांच्याही डोक्यात नव्हतं.

ज्यांना गणिताची हौस आहे त्यांनी सायंटिफिक कॅल्क्युलेटर घ्यावा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.२३६. दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करा आणि त्याला रेखांशांतल्या अंतराच्या कोसाइननं गुणा. एक रेखांश पूर्व आणि एक पश्चिम असल्यामुळे बेरीज होते, १९८.१८ अंश. उत्तर येतं उणे ०.६९४. दोन्हींची बेरीज उणे ०.४५८. आता उलटा कोसाइन दाबा: ११७.३ अंश. एका अंशाचे १११.२ किलोमीटर. अंतर सुमारे १३,०४० किलोमीटर. संकेतस्थळांवर दहा-वीस किलोमीटर इकडेतिकडे दिसतील, कारण पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे हे ती हिशोबात धरतात.

चौथी पायरी: कुठून वळायचं

इंदूरहून तिकडे थेट विमान नाही, त्यामुळे मध्ये उतरावंच लागतं. नवखी माणसं इथे भाडं बघतात आणि तारीख बघतात. मी आधी दोरा बघते.

इंदूर ते दिल्ली हवाई अंतर ६६० किलोमीटर. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १२,३८०. बेरीज करा: १३,०४०. सरळ अंतराएवढीच! दिल्ली जवळजवळ वाटेवरच पडते, पाच किलोमीटरसुद्धा वाढत नाहीत. मुंबईवरून गेलात तर आधी ५०५ किलोमीटर दक्षिणेकडे उलटं जायचं आणि मग १३,५१०. एकूण हजारेक किलोमीटर जास्त.

आणि दुबई? २०१९ साली इंदूरहून पहिलं आंतरराष्ट्रीय विमान सुटलं ते दुबईलाच, त्यामुळे आपल्या मनात दुबई म्हणजे "परदेशाच्या दिशेनं थोडं पुढे" असं बसलंय. हिशोब करून बघा. इंदूर ते दुबई सुमारे २,०९० किलोमीटर. दुबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,०२०. म्हणजे अडीच-तीन तास उडून दुबईला उतरलात तरी पुढचं अंतर इंदुरातून होतं तेवढंच उरलेलं असतं. दुबईवरून जाऊ नये असं मी म्हणत नाही. पुष्कळदा भाडं बरं असतं आणि विमानंही चांगली असतात. पण गुडघेदुखीच्या माणसाला ते दोन हजार किलोमीटर खुर्चीत बसून काढायचे आहेत, हे तिकीट काढणाऱ्या मुलाला माहीत असलं पाहिजे. न्यूयॉर्क, टोरांटो, लंडन यांचा हिशोब वेगळा निघेल, तिथे आखाती देश इतके आडवाटेला पडत नाहीत. दोरा लावून बघा.

दिल्लीहून थेट विमान तुमच्या तारखांना चालू आहे का, ते मात्र आधी तपासा. अशा लांबच्या फेऱ्या वाढतात, कमी होतात, कधी काही काळ बंदही असतात.

पाचवी पायरी: किलोमीटरांचे तास

मोठं जेट विमान उंचावर ताशी ८८० ते ९०० किलोमीटर जातं. इंदूर-दिल्लीसारख्या फेऱ्यांची लहान जेटं साधारण ८००. पंख्याचं एटीआर विमान मिळालं तर ५००. अंतराला वेगानं भागा आणि चढ-उताराचा अर्धा तास वर घाला. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को: १२,३८० भागिले ८८०, चौदा तास, अर्धा धरून साडेचौदा. इंदूर-दिल्ली: पन्नास मिनिटं अधिक अर्धा तास, म्हणजे एक तास वीस. वेळापत्रकात मात्र दीड तासाच्या आसपास दिसेल. कारण कंपन्या फक्त उडण्याची वेळ देत नाहीत. विमान इकडच्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि तिकडच्या जागेवर थांबलं की बंद होतं. दिल्लीत धावपट्टीपासून थांबायच्या जागेपर्यंत जाण्यातच पंधरा-वीस मिनिटं जाऊ शकतात. "उतरलो!" असा मेसेज आल्यावर घरच्यांनी लगेच काळजी करायला लागू नये.

हा आकडा म्हणजे कागदावरचा अंदाज. प्रत्यक्षात तीन गोष्टी तो हलवतात.

पहिली, वारा. तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार पट्टे वाहतात. विमान त्यात शिरलं की पाठीवर ढकलल्यासारखं पळतं, उलट दिशेला मात्र तोच वारा अंगावर येतो. याचं सर्वांत चांगलं उदाहरण याच मार्गाचं आहे. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जात असे, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून सुमारे १५,३०० झालं, आणि तरी विमान साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा लवकर! भागाकार करा: जमिनीवरून मोजलेला वेग ताशी हजाराच्या वर जातो. म्हणून जातानाचे तास बघून येतानाचे धरू नका, दोन्ही वेगळे मांडा.

दुसरी, डोंगर. आपला दोरा तिबेटवरून जातो, पण प्रवासी विमानं तो भाग टाळतात. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला काही मिनिटांत दहा हजार फुटांच्या आसपास उतरावं लागतं, कारण डोक्यावरच्या मास्कमधला प्राणवायू तेवढ्याच वेळेचा असतो. तिबेटच्या पठाराची जमीनच त्याहून उंच आहे. उतरणार कुठे? म्हणून वळसा.

तिसरी, बंद आकाशं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं आणि उत्तर भारतातून पश्चिमेला जाणारी विमानं लांबून जाऊ लागली. अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना वाटेत इंधनासाठी उतरावं लागलं. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि बहुतेक युरोपीय कंपन्यांना बंद आहे. त्यामुळे एकाच दोन गावांचे तास कंपनीनुसार वेगळे दिसतात. तिकीट काढताना "नॉनस्टॉप" आणि "डायरेक्ट" हे शब्दही नीट वाचा. डायरेक्ट विमान वाटेत उतरू शकतं, फक्त तुम्हाला विमान बदलावं लागत नाही.

सहावी पायरी: तिकिटावरची वेळ वाचणं

घोळ होतो तो इथेच, म्हणून इथे घाई करू नका.

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावाच्या घड्याळाची असते. दोन्ही वेळा एका घड्याळावर आणल्याशिवाय वजाबाकी करायची नाही. कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेतेरा तास मागे आणि उन्हाळ्यात साडेबारा तास मागे. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागे.

समजा, दिल्लीहून विमान जानेवारीत पहाटे ४ वाजता निघतंय आणि त्याच दिवशी सकाळी ६ ला पोचतंय. दोन तासांत अमेरिका! आता ६ मध्ये साडेतेरा मिळवा: भारताच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसात. चारपासून साडेसातपर्यंत साडेपंधरा तास. हा खरा उडण्याचा वेळ. ह्याच वेळा जुलैच्या तिकिटावर असत्या तर साडेबारा मिळवायचे आणि उत्तर साडेचौदा आलं असतं.

येताना उलट. तिथून सोमवारी सकाळी १० ला निघालात तर जानेवारीत आपल्याकडे सोमवारचे रात्री साडेअकरा वाजलेले असतात. सोळा तासांनी मंगळवारी दुपारी साडेतीनला दिल्ली. तिकिटावर बाजूला "+१" छापलेलं असतं त्याचा अर्थ एवढाच, की पोचायची तारीख पुढची आहे. घ्यायला येणाऱ्याला तारीख सांगताना तो एक मिळवून सांगा.

आणि मध्यरात्रीनंतरचं विमान. लांबची पुष्कळ विमानं रात्री बारानंतर सुटतात. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० असेल तर ती १४ तारखेची रात्र आहे. घरातून १४ ला निघायचं. माझ्या पहिल्या प्रवासात मी स्वतः इंदूर-दिल्लीचं तिकीट १५ च्या संध्याकाळचं काढून बसले होते. बॅगा भरताना मुलीचा फोन आला, "आई, तू निघतेस कधी?" आणि मी सांगितलेली तारीख ऐकून ती गप्पच झाली. दुसऱ्या दिवशी नवं तिकीट घ्यावं लागलं, जुन्याचे पैसे गेले. तेव्हापासून मी वहीत तारखेच्या पुढे वार आणि "रात्र" हा शब्द लिहिते: "मंगळवार १४ ची रात्र उलटून ००:४०".

सातवी पायरी: दारापासून दारापर्यंत

उडण्याचे तास काढले, आता बाकीचे मिळवा. घरातून इंदूरच्या विमानतळावर उड्डाणाच्या दोन तास आधी. राजेंद्रनगरहून रस्त्याचा पाऊण तास धरा, नवरात्रात बिजासनची जत्रा असते तेव्हा जास्त. दिल्लीतला मुक्काम चार तासांपेक्षा कमी नको. मुलं दोन तासांची जोडणी काढून देतात, कारण ती धावू शकतात. आपल्याला देशांतर्गत टर्मिनलवरून आंतरराष्ट्रीयकडे जायचं असतं, ती दोन वेगळ्या इमारतींत असू शकतात, आणि पुढे इमिग्रेशनची रांग असते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचं धुकं पहाटेची विमानं अडवून ठेवतं; त्या दिवसांत मी सहा तास ठेवते, किंवा आदल्या दिवशीच दिल्लीला जाऊन नातेवाइकांकडे राहते.

इंदूर-दिल्ली आणि पुढचं अशी दोन्ही तिकिटं एकाच पीएनआरवर असणं मला भाड्यातल्या बचतीपेक्षा मोलाचं वाटतं. पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. तिकिटं वेगवेगळी असतील तर बहुधा दिल्लीत बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात आणि चुकलेलं विमान आपल्या खर्चानं. इंदूरच्या काउंटरवर विचारा, "बॅग शेवटपर्यंत जाईल ना?" आणि बॅगेच्या पट्टीवर एसएफओ छापलंय का ते स्वतः वाचा. सॅन फ्रान्सिस्कोहून पुढे आणखी कुठे जायचं असेल तर अमेरिकेत पहिल्यांदा उतराल तिथेच इमिग्रेशन, तिथेच बॅगा घ्यायच्या आणि कस्टम्सनंतर परत द्यायच्या. त्याला तीन तास ठेवा.

माझ्या वहीतला जानेवारीचा हिशोब असा होता: घर ते इंदूर विमानतळ आणि तिथली वाट पावणेतीन तास, दिल्लीपर्यंत दीड, दिल्लीत सहा, पुढे साडेपंधरा, तिकडे बाहेर पडायला दीड, मुलीच्या घरापर्यंत एक. एकूण सव्वाअठ्ठावीस तास. मुलगा सांगतो तो सोळा तासांचा आकडा यातला निम्म्याहून थोडाच जास्त आहे.

हा एकूण आकडा आपल्या डॉक्टरांना सांगा. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळवर घेतल्या तर या प्रवासात गोंधळ होतो, कारण सकाळ दोनदा येते. कुठली गोळी किती तासांनी, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. हातातलं घड्याळ पोचेपर्यंत इंदूरच्याच वेळेवर राहू द्या आणि गोळ्या त्यावर मोजा. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसह.

निघण्याच्या दोन दिवस आधी फ्लाइट नंबर टाकून फोनवर मागच्या आठवडाभराच्या त्याच फेऱ्या बघा. किती वाजता सुटल्या, किती तास उडाल्या, कुठून गेल्या, सगळं दिसतं. त्या आठवड्याचा वारा आणि बंद आकाशं त्यात आलेली असतात, त्यामुळे वेळापत्रकापेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा असतो. आणि तिकडे घ्यायला येणाऱ्याला उतरण्याची नाही, बाहेर पडण्याची वेळ कळवा: विमान ६ ला टेकणार असेल तर साडेसात. पार्किंगचे पैसे तिकडे मिनिटांवर चढतात.